परवाना खिशात होता: अमेरिकेतले पोलीस, बंदुका आणि गेलेल्या माणसाची बातमी

६ जुलै २०१६, रात्री नऊचा सुमार. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहराला खेटून असलेल्या फाल्कन हाइट्समध्ये हेरॉनिमो यानेझ या पोलीस अधिकाऱ्याने एक पांढरी ओल्ड्समोबील गाडी बाजूला घ्यायला लावली. गाडी चालवत होता फिलँडो कॅस्टील. वय ३२, कृष्णवर्णीय, सेंट पॉलच्या एका माँटेसरी शाळेतल्या भोजनगृहाचा पर्यवेक्षक. शेजारी त्याची मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. यानेझ खिडकीशी आला, मागचा ब्रेक लाइट बंद आहे म्हणाला, लायसन्स आणि विम्याचे कागद मागितले. कॅस्टीलने विम्याचं कार्ड दिलं आणि शांतपणे सांगितलं, "सर, तुम्हाला सांगायला हवं, माझ्याजवळ पिस्तूल आहे."

पुढचं सगळं पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलं आहे. "ठीक आहे," यानेझ म्हणतो, "मग त्याला हात लावू नका." कॅस्टील म्हणतो, मी काढत नाहीये. मैत्रीणही तेच सांगते. यानेझचा आवाज चढतो, "काढू नका!" आणि लगेच सात गोळ्या. त्यातल्या पाच कॅस्टीलला लागल्या. मैत्रिणीने फोन काढून फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. ते ज्यांनी पाहिलं त्यांना तिचा आवाज विसरता येत नाही. शेजारी माणूस रक्तबंबाळ पडलाय, खिडकीतून पिस्तूल अजून आत रोखलेलं आहे आणि ती गोळ्या झाडणाऱ्याला पुन्हा पुन्हा 'सर' म्हणतेय.

कॅस्टीलचं पिस्तूल त्याच्या पँटच्या खिशातच सापडलं. चेंबरमध्ये गोळी नव्हती. शस्त्र बाळगण्याचा सरकारी परवाना पाकिटात होता. मिनेसोटाच्या कायद्यानुसार परवानाधारकाने पोलिसांनी विचारलं तरच सांगायचं असतं. कॅस्टीलने आपणहून सांगितलं.

१६ जून २०१७ रोजी ज्युरीने यानेझला निर्दोष ठरवलं.

पिस्तूल बाळगणं कायदेशीर होतं. ते बाळगणाऱ्याला मारणंही कायद्यात बसलं. एकाच देशात, एकाच खिडकीच्या दोन बाजूंना हे दोन्ही खरं कसं ठरतं, हे नीट कळलं की अमेरिकेतल्या पोलीस गोळीबाराच्या बहुतेक बातम्या समजायला लागतात.

पिस्तूल बाळगायचा हक्क

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवायचा म्हणजे पोलीस आयुक्तालयाचे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाचे उंबरठे झिजवायचे. जिवाला धोका आहे हे पटवून द्यायचं आणि मिळालंच तरी निवडणूक आली की आदेशानुसार शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचं. शस्त्र ही सरकारने दिलेली सवलत आहे, हे आपण गृहीतच धरतो. अमेरिकेत गणित उलटं आहे. १७९१ साली तिथल्या राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती आली. एका वाक्याची, आणि त्या वाक्याचा अर्थ काय यावर दोनशे वर्षं वाद. २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क आहे. २०२२ साली ब्रुएन खटल्यात हा हक्क उंबरठ्याबाहेर रस्त्यावर आला. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल घेऊन फिरायला 'खास कारण' दाखवावं लागे, ती अट न्यायालयाने रद्द केली.

त्यावर राज्यागणिक वेगळे नियम. आज ५० पैकी निम्म्याहून जास्त राज्यांत सज्ञान नागरिकाला पिस्तूल जवळ बाळगायला परवानाच लागत नाही. पोलिसांनी थांबवलं तर काही राज्यांत आपणहून सांगणं सक्तीचं, काही ठिकाणी विचारल्यावर. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१८ साली अंदाज दिला होता की अमेरिकी नागरिकांच्या हातात सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका आहेत. माणसं त्याहून कमी आहेत.

आता पोलिसाच्या बाजूने पाहू. त्याच्यासाठी प्रत्येक गाडीत बंदूक असण्याची शक्यता आहे, आणि ती शक्यता कायद्यानेच तयार केली आहे. गेल्या दशकात वर्षाला साधारण ४० ते ७० पोलीस हल्ल्यांत मारले गेले, बहुतेक गोळीने. कॅस्टील गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॅलसमध्ये निदर्शनांच्या वेळी एका माणसाने पाच पोलिसांना ठार केलं. ही भीती खोटी नाही. पण तिला खतपाणीही घातलं जातं. यानेझ २०१४ साली २० तासांच्या एका शिबिराला जाऊन आला होता. शिबिराचं नाव 'बुलेटप्रूफ वॉरियर'. अशा शिबिरांत काय शिकवतात ते नावातच आलं: समोरचा प्रत्येक जण तुझा जीव घेऊ शकतो, आणि जो कचरला तो मेला.

'त्या क्षणी काय वाटलं?'

यानेझ सुटला तो ज्या चौकटीत, तिचं मूळ एका मधुमेही माणसाच्या खटल्यात आहे. १९८४ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात डिथॉर्न ग्रॅहम याची साखर उतरायला लागली, म्हणून तो मित्राच्या गाडीतून संत्र्याचा रस घ्यायला एका दुकानात गेला. रांग मोठी दिसली, तो घाईने बाहेर पडला. एका पोलिसाला ही लगबग संशयास्पद वाटली. गाडी अडवली गेली, आणखी पोलीस आले. पाकिटात मधुमेहाचं कार्ड आहे ते तरी बघा, असं ग्रॅहम विनवत होता. त्याला गप्प बसायला सांगितलं गेलं. सगळं मिटलं तेव्हा त्याच्या पायाचं हाड मोडलेलं होतं. दुकानात काहीच घडलं नव्हतं.

ग्रॅहम सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८९ साली जो निकाल आला त्याने पुढच्या सगळ्या प्रकरणांची मोजपट्टी ठरवली. मुख्य न्यायमूर्ती विल्यम रेनक्विस्ट यांनी लिहिलं की पोलिसाने वापरलेलं बळ योग्य होतं का, हे जागेवरच्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहायचं, घटना होऊन गेल्यानंतरच्या शहाणपणातून नाही. पोलिसांना तणावात, क्षणार्धात निर्णय घ्यावे लागतात, याची सवलत द्यायची. म्हणजे धोका खरंच होता का, हा प्रश्न मागे पडतो. त्या क्षणी समंजस पोलिसाला धोका 'वाटला असता' का, एवढाच उरतो.

फौजदारी कायदे राज्यांचे असतात, पण तिथेही विचार याच वळणाने जातो. यानेझवर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला, हेच विशेष होतं. अशा प्रकरणांत बहुधा आरोपच दाखल होत नाही. साक्षीत त्याने सांगितलं की कॅस्टीलचा हात पिस्तुलावर गेलेला मला दिसला, मला वाटलं मी मरणार, बायको आणि लहान मुलगी डोळ्यासमोर आली. मैत्रिणीने सांगितलं की तो लायसन्स काढत होता. कॅमेऱ्यात गाडीच्या आतलं दिसत नाही. बारा ज्युरींना सरकारी वकिलाने संशयापलीकडे हे पटवायचं होतं की यानेझचं वागणं निव्वळ चूक नसून गुन्हा ठरावा इतकं बेपर्वा होतं. पाच दिवस खल चालला. आत काय बोलणं झालं ते ज्युरींना ठाऊक. पण 'मला वाटलं' खोटं पाडायचं कसं, हा पेच सरकारी पक्षाला सुटला नाही.

गाडी अडवलीच का, हे या मोजपट्टीवर जवळजवळ येतच नाही. ब्रेक लाइट हे खिडकीशी सांगितलेलं कारण. त्याआधी यानेझने रेडिओवर कळवलं होतं की गाडीतला माणूस एका दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो, नाक रुंद आहे. रुंद नाक! मिनेसोटातल्या किती कृष्णवर्णीय पुरुषांना हे वर्णन लागू पडेल? कॅस्टीलला अशा थांबवण्याची सवय होती. अमेरिकी पब्लिक रेडिओच्या पत्रकारांनी नोंदी काढल्या, तेव्हा साधारण १३ वर्षांत त्याला ४६ वेळा थांबवल्याचं निघालं. दंडाचे आकडे हजारो डॉलरमध्ये होते, आणि बाहेरून दिसेल असं कारण त्यातल्या फारच थोड्या वेळांना होतं.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांना तिथले जुने लोक गाडी शिकवतानाच एक गोष्ट बजावतात. आपल्याकडे पोलिसाने हात केला की माणूस आधी गाडीतून उतरतो, कागद घेऊन साहेबांकडे चालत जातो आणि आवाज थोडा खाली घेऊन बोलायला लागतो. तिथे हे अजिबात करायचं नाही. बसून राहायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, खिशात हात घालण्याआधी विचारायचं. शिस्त म्हणून ते बरोबरच आहे. पण कॅस्टीलनेही आधी सांगितलंच होतं, आणि त्याच्याकडे कागद मागितलेले होते. कागद खिशातून काढल्याशिवाय देणार कसे?

कुणाचा हक्क

बंदूकधारकांची सगळ्यात मोठी संघटना म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन. परवानाधारकाचा तिळाएवढा प्रश्न असला तरी आकाशपाताळ एक करणारी. कॅस्टीलच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी तिने एक मोघम निवेदन काढलं: बातम्या अस्वस्थ करणाऱ्या आहेत, चौकशी व्हावी. नाव घेतलं नाही. वर्षभराने, निकालानंतर, संघटनेच्या प्रवक्तीने मुद्दा काढला तो गाडीत सापडलेल्या गांजाचा. केंद्रीय कायद्याने गांजा ओढणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही, म्हणजे कॅस्टीलचा परवाना मुळात शुद्ध नव्हता. यानेझला हे गोळी झाडताना ठाऊक असायचं कारण नव्हतं, त्याला वास आला एवढंच तो म्हणाला. पण त्या वासावरून त्याने तपास अधिकाऱ्यांसमोर काढलेला निष्कर्ष पाहण्यासारखा आहे: जो माणूस लहान मुलीसमोर गांजा ओढतो, त्याला माझ्या जिवाची काय पर्वा?

या मौनाला इतिहास आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरणं कायदेशीर होतं. ओकलंडमधल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे तरुण हा कायदा वाचून बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे गस्त घालायला लागले. पोलीस कुणाला थांबवतात, कसे वागवतात, यावर नजर ठेवायची. २ मे १९६७ रोजी ते सशस्त्र सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात शिरले. त्याच वर्षी मलफोर्ड कायदा झाला, भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आली. त्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन, आणि पाठिंबा देणाऱ्यांत हीच रायफल असोसिएशन. पुढे हीच संघटना आणि रेगन यांचा पक्ष बंदुकीच्या हक्काचे कैवारी झाले, तो नंतरचा इतिहास. हक्क कागदावर सगळ्यांना सारखा होता. काळ्या हातात बंदूक दिसली तेव्हा कागद बदलला.

अलीकडची दोन प्रकरणं याच रांगेतली आहेत. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये पोलिसांनी ब्रिओना टेलरच्या घराचं दार फोडलं. तिच्या मित्राकडे कायदेशीर पिस्तूल होतं. चोर शिरले समजून त्याने एक गोळी झाडली. पोलिसांनी ३२ झाडल्या आणि टेलर गेली. घरात घुसणाऱ्यापासून घराचं रक्षण करणं हाच तर दुसऱ्या दुरुस्तीचा गाभा मानतात, पण त्या मित्रावर आधी पोलिसाच्या खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवला गेला. तो नंतर मागे घेतला. २०२२ च्या फेब्रुवारीत मिनिआपोलिसमध्ये २२ वर्षांचा अमीर लॉक नातेवाइकाच्या घरी सोफ्यावर पांघरूण घेऊन झोपला होता. पोलीस दार न ठोठावता आत शिरले. दचकून उठलेल्या लॉकच्या हातात त्याचं कायदेशीर पिस्तूल दिसलं. आत आल्यापासून दहा सेकंदांच्या आत तो मारला गेला. वॉरंटवर त्याचं नाव नव्हतं.

मग बातमी येते

पहिली बातमी बहुतेक वेळा पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून येते. त्यात कट असतोच असं नाही. रात्री अकरा वाजता पत्रकाराला माहिती हवी असते, पोलिसांकडे प्रवक्ता असतो, कुटुंब रुग्णालयात असतं किंवा त्याला अजून कळलेलंही नसतं. पण त्या पत्रकात काय असतं ते पाहा. जॉर्ज फ्लॉइडच्या गळ्यावर पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त गुडघा दाबून ठेवला, त्याचं मिनिआपोलिस पोलिसांनी दिलेलं शीर्षक होतं, 'पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटनेनंतर एकाचा मृत्यू'. एका सतरा वर्षांच्या मुलीने रस्त्यावरून व्हिडिओ काढला नसता तर बातमी तिथेच संपली असती. ब्रिओना टेलरच्या घटनेचा अहवाल जाहीर झाला तेव्हा तो जवळजवळ कोरा होता, आणि 'इजा' या रकान्यात लिहिलं होतं: नाही. अमीर लॉकचा उल्लेख पोलिसांच्या पहिल्या निवेदनात 'संशयित' असा होता.

दुसऱ्या दिवसापासून मेलेल्या माणसाची कुंडली निघते. इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. अमेरिकेत अटकेच्या नोंदी आणि पोलीस ठाण्यात काढलेले फोटो अनेक राज्यांत सहज मिळतात. पोलिसाच्या शिस्तभंगाच्या फायली मात्र वर्षानुवर्षं गोपनीय असत. न्यूयॉर्कमध्ये अशा फायली झाकणारं कलम २०२० च्या जूनमध्ये रद्द झालं, कॅलिफोर्नियाने काही नोंदी २०१९ पासून खुल्या केल्या. म्हणजे पत्रकार कितीही सरळ असला तरी संध्याकाळपर्यंत त्याच्या टेबलावर मृताचं जुनं प्रकरण आणि पडेल चेहऱ्याचा फोटो येतो; गोळी झाडणाऱ्याबद्दल येतं ते नोकरीची वर्षं आणि सक्तीच्या रजेवर पाठवल्याची एक ओळ.

२०१४ साली मिसूरीतल्या फर्ग्युसनमध्ये १८ वर्षांचा मायकेल ब्राउन मारला गेला. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की तो 'काही देवदूत नव्हता'. गदारोळ झाला आणि त्याच वृत्तपत्राच्या वाचक संपादिकेने ही शब्दयोजना चुकल्याचं लिहिलं. त्या ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीय तरुणांनी ट्विटरवर स्वतःचे दोन-दोन फोटो टाकले, एक पदवीदानाच्या झग्यातला, दुसरा पार्टीतला उनाड, आणि विचारलं: मला गोळी घातली तर यातला कुठला छापाल? क्लीव्हलंडमध्ये १२ वर्षांचा तमीर राइस खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बागेत असताना मारला गेला, तेव्हा बातमीत त्याच्या वडिलांचा गुन्हेगारी इतिहास आला. बारा वर्षांच्या पोराच्या मृत्यूशी त्याचा संबंध काय, हे आजही कुणी नीट सांगू शकलेलं नाही.

कॅस्टीलच्या बाबतीत उलटं घडलं, आणि मला ते जास्त खुपतं. शाळेतल्या जवळपास ५०० मुलांची नावं त्याला पाठ होती, कुणाला दूध चालत नाही, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, हेही. डब्याचे पैसे नसलेल्या पोराचं जेवण तो स्वतःच्या खिशातून भरायचा. हे सगळं खरं आहे आणि छापलं गेलं ते बरंच झालं. त्याच्या नावाने निघालेल्या निधीतून पुढे सेंट पॉलच्या शाळांमधल्या मुलांची जेवणाची उधारी फेडली गेली. पण त्या बातम्यांतून एक हिशेब नकळत मान्य होतो: माणूस एवढा चांगला होता, म्हणून त्याचं मरण अन्याय. तो मुलांचे पैसे भरत नसता, गांजाच विकत असता, तर ब्रेक लाइटसाठी पाच गोळ्या चालल्या असत्या का? आणि हा निष्कलंक बळीही न्यायालयात उपयोगी पडला नाही.

काही गोष्टी सुधारल्या. पोलिसांच्या गोळीबारात वर्षाला किती माणसं मरतात, हे फर्ग्युसनपर्यंत सरकारलाच ठाऊक नव्हतं. वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून एकेक घटना मोजायला घेतली. आकडा दरवर्षी हजाराच्या आसपास निघाला, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त. मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य सशस्त्र होते, हेही त्याच नोंदींतून दिसतं. मात्र शस्त्र बाळगणं हा जिथे हक्क आहे तिथे 'सशस्त्र' या नोंदीवरून किती ठरवायचं? २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पत्रकारांना सांगितलं की गोळी कुणी झाडली हे झाकणारी पोलिसी भाषा उचलू नका, सरळ लिहा.

कायदाही हलला, थोडा. कॅलिफोर्नियाने २०२० पासून प्राणघातक बळासाठी 'वाजवी' ऐवजी 'आवश्यक' ही कसोटी आणली. मिनेसोटाने २०२० साली कायदा बदलून धोका काय होता ते अधिकाऱ्याने नेमकेपणाने सांगावं अशी अट घातली, आणि ती 'वॉरियर' शिबिरंही बंद केली. कॅस्टीलच्या आईला शहराच्या विम्यातून जवळपास ३० लाख डॉलर मिळाले. यानेझ पोलीस दलातून गेला.

आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा बार्न्स खटल्यातला निकाल आला. अ‍ॅश्टियन बार्न्सला २०१६ साली ह्यूस्टनमध्ये पोलिसाने थांबवलं होतं, कारण त्याच्या भाड्याच्या गाडीवर टोलची थकबाकी होती. गाडी हलली तशी पोलिसाने पायरीवर उडी घेतली आणि आत गोळ्या झाडल्या. खालच्या न्यायालयांनी फक्त शेवटचे दोन सेकंद पाहिले: पोलीस चालत्या गाडीवर लटकलेला, म्हणजे त्याच्या जिवाला धोका. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी एकमताच्या निकालात लिहिलं की असं क्षण कापून पाहता येणार नाही. का थांबवलं, आधी काय झालं, हे सगळं विचारात घ्यायचं. पण पोलिसाने स्वतःच्या कृतीनेच तो धोका ओढवून घेतला असेल तर काय, याचं उत्तर न्यायालयाने या खटल्यात दिलं नाही. क्लीव्हलंडमध्ये पोलिसांची गाडी थेट तमीर राइसच्या पुढ्यात नेऊन उभी केली होती, आणि दार उघडल्यापासून दोन सेकंदांत गोळी सुटली होती. अशा प्रकरणात नेमका हाच प्रश्न उभा राहतो, आणि तो अजून मोकळाच आहे.